पंगत अजून उठलेली नाही

जगात जन्माला आलेला प्रत्येक माणूस हा कुठल्या ना कुठल्या लग्नाला आलेला पाहुणाच आहे, अशी आमच्या शाळेतल्या आचारी आजोबांची पक्की समजूत होती. वेल्ह्याकडच्या डोंगरातली आमची शाळा चौथीपर्यंतची. दोन शिक्षक, पटावर एकतीस पोरं आणि दुपारची खिचडी. पण आजोबा चुलीपुढे उभे राहिले की एकतिसाचे तीनशे होत. कागदोपत्री स्वयंपाकाचं काम त्यांच्या मंडळींकडे होतं. त्या बिचाऱ्या तांदूळ निवडायच्या आणि नवऱ्याची बडबड ऐकायच्या. आजोबांची उभी हयात भोर-वेल्ह्यातल्या लग्नांत आचारीपणा करण्यात गेलेली. पुढे लग्नांत बुफे आला, माणसं हातात ताट धरून उभ्याउभ्या जेवायला लागली आणि आजोबांनी डाव खाली ठेवला. "उभ्यानं घोडं खातं," एवढंच म्हणाले आणि बायकोच्या मागोमाग शाळेत आले.

पोरांना ते 'पावणं' म्हणत. पहिलीतलं, बाहीला नाक पुसणारं एवढंसं पोर असलं तरी त्याच्यापुढे वाकून "घ्या की पावणं, लाजताय व्हय?" असा आग्रह. पंगतीकडे पाठ करायची नाही, कुणाचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही आणि शेवटच्या माणसाचा शेवटचा घास होईपर्यंत कुणी उठायचं नाही, हे त्यांचे कायदे. सरकारी परिपत्रकं बदलत, हे बदलत नसत. वाढण्याआधी शिक्षकानं अन्न चाखून नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. मी आपली रोज भोरहून स्कूटी हाणत यायचे, घाईघाईत एक घास खाऊन 'चव चांगली' लिहून मोकळी व्हायचे. आजोबा वहीत डोकावून विचारत, चांगली म्हणजे कशाला चांगली? मिठाला, का फोडणीला? एकदा वैतागून मी 'मीठ किंचित कमी' असं लिहिलं. दोन दिवस ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. "बाईंना म्हणावं पानी तापलंय," असं माझ्यासमोर बायकोला सांगायचे, आणि त्या माउलीनं तेच पुन्हा मला सांगायचं.

एवढ्या पंगती उठवलेल्या या माणसाला जेवताना मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. कवळी रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात. वाढप्याला दातांचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. सगळं आवरलं की स्वयंपाकखोलीच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून दोन घास खात असावेत. मी मनात म्हणायचे, असते एकेकाची तऱ्हा.

अशात तिसरीच्या वर्गात ईश्वरी आली. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत. चमचा तोंडाकडे न्यावा तर हात भलतीकडेच जातो, मान सावरता सावरता घास सांडतो, आणि तिचं बोलणं कळायला कान देऊन बसावं लागतं. डोकं मात्र असं तल्लख की मी फळ्यावर गणित मांडेपर्यंत पोरगी उत्तर सांगून हसत असायची. पण शाळेत तिला जेवता येईना. म्हणून दुपारच्या सुट्टीत तिची आई यायची आणि तिला कडेवर घेऊन घरी जायची. उताराखाली घर. एकदा खाली नेलेली आठ वर्षांची पोर पुन्हा चढावरून आणणं त्या बाईला झेपायचं नाही. म्हणजे ईश्वरीची शाळा रोज अर्धी. गोष्टी, चित्रं, भाषेचा तास, सगळं दुपारनंतरचं. ते तिच्या वाट्याला यायचंच नाही. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. हजेरी लागत होती, आई सांभाळत होती, माझीही सोय होत होती. आज हे लिहिताना लाज वाटते.

आजोबांना मात्र ते जिव्हारी लागलं. उभ्या जन्मात त्यांच्या पंगतीतून पाहुणा उपाशी गेला नव्हता, आणि इथे रोज एक जात होता, तोही कडेवर बसून, मागे वळून बघत. त्यांनी माझ्यामागे लकडा लावला. मी तोडगा काढला, की आईनं डबा आणावा आणि ईश्वरीला वर्गात बसवून निवांत भरवावं. म्हणजे सांडलं तरी कुणी बघणार नाही. आजोबांचा चेहराच बदलला.

"वेगळं नगं, बाई," ते म्हणाले. "वेगळं बसून जेवलोय म्या. घशाखाली उतरत न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. ते लहान असताना लग्नांत त्यांच्या वस्तीतल्या माणसांना मांडवाबाहेर, कुंपणापलीकडे बसवत, तेही सगळ्यांचं झाल्यावर. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. पातेलं घासता घासता बोलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बुद्धीनं उपाय केला. त्यांच्या शास्त्रात मानाचा पाहुणा म्हणजे व्याही. तेव्हा पडवीच्या मधोमध पाट मांडला, भोवती रांगोळी, घरून आणलेली पितळी वाटी. ईश्वरीला पाटावर बसवलं आणि समोर पंगत. आईला त्या दिवशी त्यांनी हौसेनं थांबवून घेतलं होतं. झालं काय, तीस पोरं आपापला भात सोडून तिच्याकडे टक लावून बघायला लागली. सगळे बघताहेत म्हटल्यावर तिचा हात आणखीच उडाला, वाटी रांगोळीत कलंडली, घास घशात अडकून असा ठसका लागला की पोर लालबुंद झाली. आईनं तिला पुढे वाकवून घास काढला, उचललं आणि ती तडक उतरून गेली. पुढचे तीन दिवस ईश्वरी शाळेत आली नाही.

आजोबा पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हटलं, बाबा, तुम्ही मान दिलात हो तिला. त्यांनी मान हलवली. "मानाचं आसलं तरी वेगळंच की ते," म्हणाले. "म्याबी तिला कुंपनापल्याडच बसवली."

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर हा पाऊणशे वयाचा माणूस ईश्वरीच्या घरी जाऊन तिच्या आईच्या चुलीपाशी बसला. लग्नाची पाच-पाचशे पानं उठवणारा आचारी आठवडाभर रोज एका पोरीचं जेवण बघत होता. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्यावर मला धडा म्हणून दाखवायचे: पाठ टेकलेली हवी, हनुवटी जराशी खाली हवी, भात मऊ हवा पण पातळ नको, पातळ झालं की ठसका लागतो. आणि लई येळ द्याया लागतो, बाई.

मग पडवीत हळूहळू फेरबदल झाले. पंगत स्वयंपाकखोलीच्या दारापासून सुरू व्हायची, ती पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरू झाली, कारण कोपऱ्यात दोन भिंतींचा आधार मिळतो. कोपऱ्यात ईश्वरी, शेजारी तिची मैत्रीण, मग बाकीचे. ताटाऐवजी उभ्या काठाचं पसरट भांडं, ते सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. चमच्याच्या दांड्याला सुती चिंध्या गुंडाळून मूठभर जाडी आणलेली. अन्न सगळ्यांच्याच पातेल्यातलं, फक्त तिचं डावानं घोटून मऊ केलेलं. आई पंधरा दिवस शेजारी बसली, मग हळूच पडवीखाली बसली आणि मग यायचीच थांबली, ती एकदम शाळा सुटल्यावर न्यायला. ईश्वरी आपल्या हातानं जेवायची. निम्मं सांडायचं, तर आजोबा निम्मं जास्त वाढायचे.

राहता राहिला वेळ. पोरं दहा मिनिटांत ताट चाटूनपुसून उठायच्या तयारीत, आणि ईश्वरीला लागायचा पाऊण तास. पहिल्या दिवशी दोघं-तिघं उठलीच. आजोबांनी डाव आडवा धरला. "बसा. घाई न्हाई. पंगत आजून उठली न्हाई." मग त्यांनी लग्नातली युक्ती काढली. भात एकदम वाढायचाच नाही. थोडा भात, मग थांबायचं. मग आमटी, मग पुन्हा चमचाभर भात. मधल्या वेळात कुठल्या लग्नात नवरदेव रुसून झाडावर बसला होता, कुठल्या मांडवात म्हैस शिरली, याच्या गोष्टी. मीही मग शरण गेले आणि पाढ्यांचा तास पंगतीतच घेऊन टाकला. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, आमच्याकडे दोघं एकाच पंक्तीला बसले. एकदा तालुक्याचे एक साहेब तपासणीला आले आणि हौसेनं पंगतीत बसले. त्यांचा मोबाईल तीनदा वाजला, तीनदा ते उठायला गेले, आणि तिन्ही वेळा आजोबांनी त्यांच्या ताटात भात वाढून त्यांना खाली बसवलं. सतराचा पाढा संपेपर्यंत साहेब मांडी घालून होते. जाताना त्यांनी शेरा लिहिला, 'चव उत्तम'. आजोबा दिवसभर शीळ घालत होते.

दीड-पावणेदोन वर्षं अशी गेली. ईश्वरी चौथी झाली, पाचवीला खाली मोठ्या गावच्या शाळेत जायची होती. आजोबांनी चिंध्यांचा नवा चमचा करून ठेवला, मला तिथल्या बाईंना चिठ्ठी लिहायला लावली: कोपरा, ओलं फडकं, मऊ भात. मी सगळं लिहिलं. ते त्यांनी वाचून घेतलं. मग म्हणाले, "समदं करतील वो. पर थांबतील का?"

निरोपाच्या दिवशी चौथीच्या पोरांनी आजोबांना हाताला धरून पंगतीत बसवलं. त्या दिवशी वाढायला मी आणि आजी. त्यांची जागा पोरांनी ठरवली होती, कोपऱ्यात, ईश्वरीच्या शेजारी. आजोबांनी पाठ फिरवून कवळी बसवली, पुन्हा वळले आणि भाताचा पहिला घास हातात घेऊन नुसते बघत राहिले. हात कापत होता. एवढ्या वर्षांत तो कापतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खाणंही अगदी हळू, घास इकडून तिकडे फिरवत. पोरांची ताटं रिकामी झाली, आमटीची दुसरी फेरी झाली, ईश्वरीचंसुद्धा जेवण झालं आणि आजोबांच्या पानात निम्मा भात तसाच. सगळे आपल्यासाठी खोळंबलेत हे दिसताच ते ओशाळले, ताट सारून उठायला लागले. मीही, जित्याची खोड, घंटा उचलली.

तेवढ्यात ईश्वरीनं त्यांचा सदरा धरला. धरायला तिला दोनदा हात न्यावा लागला. मग एकेक शब्द सावकाश जुळवत ती म्हणाली, "बसा. घाई न्हाई."

आजोबा बसले. मी घंटा खाली ठेवली, कोपरापर्यंत आमटीनं माखलेल्या हातांनी पडवीतच टेकले, आणि कुणीतरी दोनचा पाढा सुरू केला.