खंडेनवमीला बंद पडलेली कोठी

"भाड्याच्या घरात देव कोण मांडते?"

हे भिंतीपलीकडून कानावर आलं आणि हातातल्या मुंगवड्या हातातच राहिल्या. आमच्या आणि शेजारच्यांच्या अंगणाची भिंत एकच, कडेला कडुनिंब. कान लावावा लागत नाही, उलट झाकावा लागतो. मी काही झाकला नाही.

भांडण पौर्णिमाचं आणि तिच्या नवऱ्याचं, नितेशचं. गोष्ट बरीच जुनी. फोनवर सारखा निरोप येई, तुमची फुकटची जागा भरली, पैसे भरा नाही तर जुनं पुसा. नितेशने पुसायला घेतलं आणि त्यात पोरीच्या बारशाचे फोटो गेले. तेव्हा पौर्णिमाने ठरवलं की एक जुना कॉम्प्युटर घ्यायचा आणि आपलं सामान आपल्याच घरात ठेवायचं.

"कंपनी सांभाळून ठेवते न! तू काहून घरात भंगार आणून राहिली?" नितेश म्हणाला.

"कंपनीची जागा म्हंजे भाड्याचं घर. कंपनीनं ठेवलं तं कंपनीच्या मर्जीनं रायते."

"आली मोठी इंजिनेर! झेंडूचे हार करता करता मशीन चालवशीन?"

"चालवीन. हार गुंफाले का डोकं लागत नाई?"

भांडण मिटवलं सासूने, पार्बताबाईने. ती माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठी, आणि आवाज असा की बडनेऱ्याच्या स्टेशनावरची गाडी थांबावी. "नितेश," ती म्हणाली, "तुया बापानं वावरात विहीर खंदली तवा गाव म्हने, नाल्याले पानी आहे, विहीर कायले? मंग नाला आटला तवा तेच गाव बादल्या घेऊन उभं होतं. आणू दे तिले."

मशीन आलं. देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात बसलं. गल्लीने त्याचं नाव कोठी ठेवलं.

पौर्णिमा अकोल्याची पोरगी. बारावी झाली, मग लग्नाआधी फोटो स्टुडिओत अल्बम जोडायचं काम केलं. इथे आली ती मळ्यात. त्यांचा मळा बडनेरा रोडच्या आत, झेंडू, शेवंती आणि थोडी मेथी-पालक. सकाळी फुलं तोडायची, दुपारी हार, आणि उरलेल्या वेळात ती कोठीपुढे बसे. कोणी शिकवलं नाही. फोनवर व्हिडिओ पाहायची, दुनियाभरच्या लोकांना प्रश्न विचारायची, चुकायची, परत करायची. चुकली की जीभ दातात धरते, अजून धरते.

हळूहळू गल्लीतल्या बायकांचं सामान त्या कोठीत गेलं. कोणाच्या लग्नाचे फोटो, कोणाचे दवाखान्याचे कागद, धारणीला दिलेल्या पोरीने पाठवलेले नातवाचे व्हिडिओ. ज्याचं त्याला आपापल्या फोनवर दिसे, दुसऱ्याला नाही. पौर्णिमाने सगळ्याला कुलूप लावून ठेवलं होतं. कोणी कोठीतली डिस्क काढून नेली तरी त्याला नुसता कचरा दिसेल. "लोकाचं सामान उघडं ठेवू नाई," ती म्हणे.

आणखी एक नेम होता तिचा. मळेवाले लोक सगळं बियाणं एका घरी ठेवत नाहीत. आग लागली, उंदीर लागले, तर पुढच्या सालाला काय पेरायचं? थोडं पाव्हण्याच्या घरी ठेवतात. तशी पौर्णिमा दर महिन्याला कोठीची नक्कल एका छोट्या डिस्कमध्ये काढे आणि अकोल्याला बहिणीकडे, आरतीकडे नेऊन ठेवी. तिथली जुनी डिस्क परत आणी. पिशवीत वर मेथी, खाली खणाच्या कापडात गुंडाळलेली डिस्क. गाडीतल्या बायका मेथीच विचारत.

आता यंदाची गोष्ट.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला भुलाबाई बसल्या, म्हणजे आता महिनाभर पोरींनी रोज त्यांच्यापुढे गाणी म्हणायची. पार्बताबाईला भुलाबाईची जेवढी गाणी येतात तेवढी आमच्या भागात कोणालाच येत नाहीत. पोरींना दोन-चार ठाऊक, तीही अर्धी. म्हणून पौर्णिमाने पार्बताबाईला ओट्यावर बसवलं आणि सगळी गाणी फोनमध्ये भरून घेतली. म्हातारी दोन दुपारी गात होती. मधे पाणी प्यायची, मधे माझ्यावर ओरडायची की टाळी चुकली. गाणी फोनमधून कोठीत गेली आणि फोनमधून पुसली गेली, कारण फोन झेंडूच्या फोटोंनी गच्च भरला होता. कोजागिरीला भुलाबाई उठतात. त्या दिवशी गल्लीतल्या आणि सासरी गेलेल्या सगळ्या पोरींना ती फोनवर मिळणार, असं पौर्णिमाने सांगून टाकलं होतं.

त्यानंतर पार्बताबाईला ताप आला. ताप गेला, पण जाताना काहीतरी घेऊन गेला. ती एक गाणं सुरू करी आणि दुसऱ्यात उतरे. मधेच थांबून म्हणे, "पुढं काय व्हतं व?" आपण काय सांगणार? आपल्याला येत असतं तर तिला कशाला गायला बसवलं असतं.

त्या धांदलीत आणि फुलांच्या हंगामात पौर्णिमाची अकोल्याची खेप चुकली. म्हणजे गाणी जगात एकाच ठिकाणी होती, त्या कोनाड्यात.

आणि कोठी कुरकुरत होती. तिच्यातला कारभार पाहणारा प्रोग्राम जुना झालेला. रोज लाल अक्षरात सांगे, मला नवा करा, चोरवाटा बुजवायच्या राहिल्यात. पौर्णिमा दोन सालांपासून टाळत होती. पण त्या आठवड्यात नव्या फोनवरून कोठीचं दारच उघडेना. जुनी कोठी, नवी किल्ली. कोजागिरीला पोरींना गाणी द्यायची तर अपडेट करणं भाग होतं.

तिने दिवस निवडला खंडेनवमीचा. त्या दिवशी अवजारांची पूजा. विळे, खुरपी, पंप, गाडी सगळं धुऊन, हळदकुंकू लावून निजवतात, कोणी कामाला लावत नाही. कोणी कोठीतही हात घालणार नाही, असा तिचा हिशेब. सकाळी अपडेट सुरू केलं आणि ती मळ्यात गेली. दुसऱ्या दिवशी दसरा, झेंडू थांबत नाही.

इकडे पार्बताबाईने पूजा मांडली. विळा झाला, खुरपं झालं, नितेशचा तराजू झाला. मग कोनाड्याकडे वळली तर कोठीचे दिवे लुकलुक करत होते.

"आजच्या दिवसालेही निजू देत नाई त्याले," ती म्हणाली, आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. मग हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. मी तिथेच उभी होते. मलाही ते बरोबरच वाटलं.

पौर्णिमा फुलांचं गाठोडं घेऊन आली. कोनाड्यात अंधार, वर झेंडूचं फूल. गाठोडं तिने हळूच खाली ठेवलं.

"आई, बटण कोणी बंद केलं?"

"म्या केलं. खंडेनवमी आहे न. त्याले का जीव नाई?"

पौर्णिमाने जीभ दातात धरली. बटण लावलं. कोठी उठली, पण दार उघडेना. एकच पाटी दाखवी, काम चालू आहे, थोड्या वेळाने या. थोड्या वेळाने गेलं तरी तीच पाटी. दुरुस्ती अर्ध्यावर तुटली होती. अर्धा कारभार जुना, अर्धा नवा, आणि दोघांचं एकमेकांशी पटेना.

नितेश मार्केटातून आला. ऐकून म्हणाला, "गाणी पेनड्राइव्हवर घे न, अन् वाजव. हाय काय त्यात?"

"कुलूप आहे त्याले. प्रोग्राम उभा रायल्याशिवाय उघडत नाई."

"मंग किल्ली?"

"किल्ली कोठीतच आहे."

"वा! कोठीची किल्ली कोठीत. कंपनीकडं असतं तं?"

पार्बताबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिला समजलं होतं की काय झालं. चेहरा असा केला जणू तिच्या हातून तुळस उपटली गेली. मग आवाज चढवून म्हणाली, "कायले पाह्यजे मशीन? मी मेली का? बसा, मी गातो!" आणि सुरू केलं. पहिल्यातून चौथ्यात गेली, चौथ्यातून पाळण्यात. मग पदराने तोंड पुसत आत निघून गेली.



गल्लीतली गंगूबाई ओट्यावर येऊन विचारून गेली, "माया पोरीचे फोटो गेले का व मंग?" पौर्णिमा म्हणाली, "गेले नाई. अडकले. काढतो." इतकंच. हात लावायच्या आधी तिने इथल्या फोटो स्टुडिओवाल्याकडून रिकामी डिस्क मागून आणली आणि आहे त्या मोडक्या अवस्थेची नक्कल काढली. मी विचारलं, "मोडक्याची कायले?" तर म्हणे, "काकू, मी अजून मोडीन. मंग निदान इथवर तं परत येता येईन."

जुना कारभार परत बसवायचा तर त्याची धड नक्कल हवी. घरातली फारच जुनी, ताजी ती अकोल्याला. दसऱ्याच्या सकाळी, घराघरात तोरणं बांधणं चाललेलं असताना, पौर्णिमाने नितेशला सांगितलं, फुलं तुम्ही विका. तिने सासूच्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडली आणि गाडी धरली. मूर्तिजापूर, मग अकोला. आरती दारातच हसली, "सोनं द्याले आली का डिस्क न्याले?"

"दोन्हीले. कुठं ठेवली?"

"माया शालूत."

"शालू नेसली नाईस न कुठं?"

"तुया डिस्कच्या धाकानं दोन लग्नं साध्या साडीत केली, बाई!"

संध्याकाळच्या आत ती परत आली, चहाही न घेता बसली. प्रोग्राम जसा होता तसा, आधीचाच, परत बसवला. अकोल्याहून आणलेली नोंद, म्हणजे कोणाचं काय कुठे ठेवलंय त्याची वही, त्यात घातली. पाटी गेली, दार उघडलं. गंगूबाईच्या पोरीचे फोटो आले, दवाखान्याचे कागद आले. पण ही सगळी नोंद गणपतीच्याही आधीची. भुलाबाईची गाणी तिच्यात नव्हती.

"नाई का?" पार्बताबाईने आतूनच विचारलं.

"आहेत आई. डिस्कवर पडली आहेत. कोठीले अजून माहीत नाई. आधी मले हिले नवी करू द्या, मंग दाखवतो."

नितेश म्हणाला, उघडली ना, राहू दे अशीच. पौर्णिमाने मान हलवली. अशीच ठेवली तर नव्या फोनवर दिसणार नाही, आणि चोरवाटाही उघड्याच. यावेळी तिने नीट वाचलं. दोन साल टाळलेलं एका उडीत होत नाही. मधली एकही पायरी गाळता येत नाही, प्रत्येक पायरीवर थांबून सगळं नीट चाललंय का ते पाहायचं. दुसऱ्या पायरीवर अडलं. प्रोग्राम ज्या ओट्यावर उभा, म्हणजे त्याच्या खालचा दुसरा प्रोग्राम, तो ओटाच जुना होता. आधी ओटा उंच केला. त्यात कॅलेंडर दाखवणारी एक जोडणी मोडली, ती काढून टाकली. परत चढली. हे सगळं हार गुंफता गुंफता चाललं होतं. एक डोळा सुईवर, एक कोठीवर. दोनदा सुई बोटात गेली.

आणि भिंतीवरच्या बटणावर तिने झेंडूचं फूल दोऱ्याने बांधलं. "आई, हे फूल आहे तवरक हात लावू नका. फूल काढलं का खुशाल निजवा."

"मले काय, फूल दिसलं का मी नमस्कारच करतो," पार्बताबाई म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा स्वर जागेवर आला होता.

कोजागिरीच्या दुपारी शेवटची पायरी झाली. पौर्णिमाने कोठीला हुकूम दिला, आपल्या पोटात काय काय आहे ते पहिल्यापासून मोज. कोठी मोजत बसली. पार्बताबाई कोनाड्यासमोर पाटावर येऊन बसली. भुलाबाईपुढे झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते, डबा हलवून, वास घेऊन. म्हातारीने कोठीच्या पाठीवर थाप मारली.

"वळख व पौर्णिमे. गोड का तिखट?"

"आई, हलवू नका तिले!"

"गोड," म्हातारी आपलीच म्हणाली.

नावं दिसायला लागली. एकाखाली एक, सगळी. पौर्णिमाने पहिल्यावर बोट ठेवलं. आवाज नाही. दुसऱ्यावर ठेवलं. नाही. नाव उभं आणि आत मुकं. मी देवाकडे पाहिलं. पौर्णिमाने नाही, तिने फोनमध्ये पाहिलं. नोंद परत झाली तेव्हा कुलपाचा क्रमांक मागे-पुढे झाला होता, तो एकेका फाइलीवर जुळवून घ्यायचा असतो म्हणे. तिने तो हुकूम टाइप केला, एक अक्षर चुकलं, जीभ दातात धरली, परत टाइप केला.

मग कोनाड्यातून खणखणीत आवाज निघाला, आणि मधेच ओरडला, "टाळी चुकली व!"

पार्बताबाई दचकली. थोडा वेळ ऐकलं. "कोन गाते हे? लय भसाडी आहे."

"तुमीच आहा, आई."

"मंग बरी आहे," ती म्हणाली, आणि पुढची ओळ कोठीबरोबरच धरली. पुढच्या गाण्यातही चुकली नाही. पुढे चालणारं कोणी असलं की तिला रस्ता सापडत होता.

संध्याकाळी अंगणात पोरी जमल्या. धारणीची पोरगी तिकडे आपल्या ओट्यावर फोन ठेवून गात होती. खिरापत भेळेची निघाली, म्हणजे म्हातारीचं ओळखणं तेवढं चुकलं. नितेश दूध आटवत होता. मला हळूच म्हणाला, "काकू, विहिरीले पानी आहे बरं."

"मले काय सांगतं," मी म्हटलं, "तिले सांग."

त्याने सांगितलं की नाही, ठाऊक नाही. भिंतीपलीकडून तर काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमाने कोठीची ताजी नक्कल काढली. बटणावरचं वाळलेलं फूल काढून निर्माल्यात टाकलं. डिस्क खणाच्या कापडात गुंडाळली, पिशवीत खाली ठेवली, वर मेथीच्या जुड्या रचल्या. "काकू, अकोल्याहून काही आणाचं का?" तिने फाटकातून नेहमीसारखं विचारलं. मी नेहमीसारखं नको म्हटलं, आणि ती बडनेऱ्याच्या ऑटोत बसली.