‘या’ लिहायला लागलेले त्रेचाळीस सेकंद

प्रिय ईशान आणि मही,

ही हकिकत या सदरात छापून येणार असली, तरी लिहिते आहे ती तुमच्यासाठी. आत्ताच का? परवा ईशानने आजोबांची निळी वही मागितली. कॉलेजात तो कॉम्प्युटर हाच विषय घेणार आहे म्हणे. वही पाठवतेच आहे, पण नुसती वही पाठवणं मला बरोबर वाटेना.

मी तीस वर्षं परतूरला शाळेत इंग्रजी शिकवलं. अंगात येणं, चाहूल लागणं असलं कुणी बोललं, की मी पुरावा मागायचे. आजही मागते…

आजोबा, म्हणजे तुमच्या बाबाचे अण्णा, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. रिटायर झाल्यावर तुमच्या बाबाने इथे ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते तुमच्यासाठी ‘धडे’ बोलून ठेवू लागले. हुरडा कधी खुडायचा, बैलाच्या दाव्याची गाठ कशी मारायची, आपल्या गावच्या नदीला पूर आला तेव्हा काय झालं… असे एकतीस धडे. बाबाला इंग्लंडमध्ये बसून इथला पडदा उघडता यावा आणि ते धडे तुम्हाला ऐकवता यावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. त्याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

तयार मिळणारा प्रोग्राम त्या जुन्या मशीनवर चालेना. बाबा म्हणाला, नवीन घ्या. आजोबा म्हणाले, “मशीन बिलकुल चांगलं हाय. प्रोग्रामच त्याच्या मापाचा शिवून घेऊ.”

म्हणजे सोर्स कोड, प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, उतरवून घ्यायचा आणि घरीच त्याचा प्रोग्राम बांधायचा. कापड आणून अंगाच्या मापाने सदरा शिवावा, तसं. सकाळी पूजा झाली की ते बसायचे. दुपारपर्यंत पडद्यावर ओळी धावायच्या आणि शेवटी लाल अक्षरं यायची. त्यांना इंग्रजी अडायचं, मला कॉम्प्युटर.

“हेडबाई,” ते मला चिडवून म्हणायचे, “हे काय म्हनून राह्यलंय, बघा जल्दी.”

“म्हणतंय, तुम्ही जे मागता ते मला सापडत नाही.”

“मंग मी काय मागून राह्यलो, ते तरी इचारा त्याला!”

प्रत्येक लाल ओळ ते पेन्सिलने त्या निळ्या वहीत उतरवायचे, शेजारी मी मराठीत अर्थ लिहायचा, खाली त्यांनी केलेला उपाय. अकरा दिवस असं चाललं. बाराव्या दिवशी एकही लाल अक्षर न येता तो प्रोग्राम बांधून झाला. आजोबा उठले. हात धुऊन जेवायला बसले आणि एक भाकरी जास्त खाल्ली.

मग त्यांनी त्यात आपल्या मशीनचा पत्ता घातला, आपली चावी, म्हणजे सांकेतिक शब्द, घातली आणि कोडमध्ये एक गोष्ट स्वतःची जोडली. आपल्याकडे शेजारीसुद्धा उंबऱ्याबाहेरून विचारतो, “आहे का कोणी घरात?” आतून ‘या’ आल्याशिवाय पाय आत टाकत नाही. बाबाने तिकडून जोडलं की इथल्या पडद्यावर हाच प्रश्न यायचा. एका मिनिटाच्या आत इथे बसलेल्या माणसाने ‘या’ टाइप करायचं, नाहीतर दार बंद. मी म्हटलं, एक बटण ठेवा की.

“बटनावर मांजर बी पाय दील. अक्षर लिहायला मानूस लागतं.”

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आजोबा गेले. मग ‘या’ मी लिहू लागले.

यंदा मार्चमध्ये कॉम्प्युटरमधून कटकट असा आवाज यायला लागला. फोनवरून तो ऐकून बाबा घाबरला. “आई, डिस्क जाते आहे. मी प्रवासात आहे. रविवारी सकाळी सातला घरून धडे उतरवून घेतो. तोवर बंद करू नकोस, पुन्हा सुरू होईलच असं नाही.” धड्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तुमचे सात म्हणजे आमचे साडेबारा, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

शनिवारी मला जालन्याला बारशाला जावं लागलं. रविवारी सकाळच्या एसटीने निघाले. सव्वाबाराला घरी पोचणार होते. वाटूर फाट्यावर गाडी थांबलेली असताना फोन वाजला. पावणेबारा झाले होते.

“झालं, आई! एकतीसच्या एकतीस आले.”

“काय आले?”

“धडे. पण आज ‘या’ लिहायला केवढा वेळ! मला वाटलं, अण्णाच बसलेत.”

“अरे, मी वाटूरला आहे. साडेबारा कुठे वाजलेत?”

त्याने घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, “आज उन्हाळ्यासाठी आमची घड्याळं एक तास पुढे गेली, आता आमचे सात म्हणजे तुमचे साडेअकरा. तुला सांगायचं राहिलं… आई, मग घरात कोण आहे?”

घराची किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. कुलूप जसंच्या तसं होतं. समोरच्या शकुंतलाबाई हसल्या, “कोन येनार, बाई? मी सकाळपासून ओट्यावर पापड राखून राह्यले. तुमच्या दारात चिमणी बी आली न्हाई.” आत कीबोर्डवर मी घातलेलं क्रोशाचं झाकण तसंच होतं. पडदा काळा. कटकट थांबली होती. ते मशीन पुन्हा सुरू झालंच नाही. बाबाने ठरल्याप्रमाणे साडेबाराला जोडलं असतं, तर काहीच हाती लागलं नसतं.

बाबाने नंतर सगळा कोड वाचून काढला. ‘या’ लिहिल्याशिवाय आत यायला वाट नाही. धड्यांबरोबर एक नोंदीची फाइलही उतरली होती. दर वेळी उत्तर यायला किती सेकंद लागले, ते प्रोग्राम तिच्यात लिहून ठेवायचा. माझे चार, पाच, चार. आजोबा एका बोटाने अक्षरं शोधायचे… त्यांचे एक्केचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस.

त्या रविवारचे त्रेचाळीस.

आपोआप झालं असतं, तर एका सेकंदात झालं असतं, असं मला वाटतं. पण वाटणं हा पुरावा नाही, हे मीच मुलांना शिकवलं. तिथे कोण होतं, मला माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की खांबावर चढण्यात आयुष्य गेलेल्या एका माणसाने, ज्या भाषेतली एक ओळ धड वाचता येत नव्हती त्या भाषेतून, आपल्या नातवंडांसाठी घराला एक दार बसवलं. आणि ते ऐन वेळी उघडलं.

कॉम्प्युटर गेला. एकतीस धडे, निळी वही आणि त्रेचाळीस सेकंदांची ती नोंद शाबूत आहे.