इस्त्रीपाशी साखरेची बाटली

माझी धाकटी जाऊ लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी राहते, केस काळे होते तेव्हापासून. तिच्या हातच्या चादरीची घडी मोडायला जीव होत नाही. पोटावर रोज इन्सुलिनची सुई, आणि जीभ अशी की मालकही दोन पावलं लांबूनच बोलतात.

त्या खोलीचा कायदा असा, की गोड काही उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. चिकट बोट पांढऱ्या कापडाला लागलं की धुलाई पुन्हा पहिल्यापासून. आणि रीत अशी, की उन्हाळ्यात कुणाला दरदरून घाम सुटला, हात थरथरले, तर पंख्याखाली बसवून मिठाचं पाणी पाजायचं. इतरांना त्याने बरं वाटतंही.

यंदा ऊन चढलं आणि एका दुपारी जाऊबाई शर्टाची तीच बाही पुन्हा पुन्हा दाबत बसली. विचारलं तर खेकसली. लगेच पंखा, मिठाचं पाणी. तिला समोरचं दोन-दोन दिसायला लागलं. गरमीत इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं, साखर झपकन खाली येते, हे डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. पण खायची साखर होती उंबऱ्याबाहेर, तिच्या पिशवीत! मालकीणबाईंना ती पिशवी आठवली म्हणून निभावलं.

संध्याकाळी मालकांनी फर्मावलं, उद्यापासून काउंटरवर बसून पावत्या फाड. तिचा नवरा, माझा दीर, म्हणाला, त्यापेक्षा घरीच बस. दोघांनाही तिची काळजी. बाईला बसवून ठेवायचं असलं की काळजी बरी सापडते! मी दिराला तसं तोंडावर सांगितलं, तो पेपरामागे गेला.

जाऊने डॉक्टरांकडून डोस बदलून घेतला आणि थेट इस्त्रीपाशी जाऊन उभी राहिली. कमरेला बटवा, त्यात साखर मोजायचं यंत्र आणि साखरेच्या पाण्याची बाटली. मालकांनी कायदा काढला.

"बाटलीला बूच आहे, मालक. तुमच्या तोंडातल्या तंबाखूला तेही नाही."

मालक एवढंच म्हणाले, पुन्हा तसं झालं तर काउंटर.

आठवड्याच्या आत वेळ आलीच. मी माझ्या साड्या न्यायला गेले होते. हॉटेलचा माणूस चादरींसाठी दारात घड्याळ बघत उभा. हिने मध्येच इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. बोट टोचलं, आकडा पाहिला, बाटली तोंडाला लावली. हॉटेलवाल्याने विचारलं, ही काय आराम करायची वेळ? मालक तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गेलं हिचं काम.

"चादर थांबेल," ती म्हणाली, "साखर थांबत नाही. मी पडले तर ही इस्त्री कुणाच्या अंगावर जाईल?"

पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, मग डबा उघडून सावकाश जेवली आणि पुन्हा इस्त्रीपाशी उभी राहिली. हॉटेलवाल्याची कुरकुर चालूच होती. मालक बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आले आणि पायाने ते स्टूल इस्त्रीच्या जवळ सरकवलं.

काउंटरचं नाव पुन्हा निघालं नाही.