पारशिवनीजवळ अंधार मागायला गेलेला जावई

आकाश बघायला माणसं लडाखला जातात. मी सावनेरमार्गे पारशिवनीला गेलो. मागच्या सीटवर सासरे होते आणि त्यांच्या शेजारी, सीटबेल्ट लावून, जुना डब्बा टीव्ही. प्रवासाच्या ब्लॉगला शोभेल असं स्वप्नबिप्न काही नव्हतं, सासऱ्यांच्या एका वाक्याने आम्हाला घराबाहेर काढलं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, सावनेरकडच्या कोळसा खाणीत उभं आयुष्य जमिनीखाली राबले. रिटायर झाल्यावर पाठीने दगा दिला. कणा वाकून कडक झाला, मान छातीकडे झुकली ती तशीच राहिली. उताणं झोपता येत नाही, कुशीवरच झोपतात. समोरच्या माणसाशी बोलताना ते त्याच्या चपलांशी बोलतात, आणि खरं सांगतो, चपलांवरून माणूस बरोब्बर ओळखतात. मागच्या दिवाळीला मी हौसेने दुर्बीण मांडली आणि "मामाजी, या ना" म्हणून बसलो. तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, वर पाहाचं काम संपलं आमचं. लोकाइले निदान तिरडीवर तरी वर पाहाले भेटते. मले तर तिथंबी कुशीवरच बांधा लागन."

सगळे हसले, मीही हसलो. मग अंथरुणावर पडलो आणि झोप काही लागेना. धरमपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना दिसावं म्हणून मी दुकान उघडतो आणि घरच्या माणसाला चांदणी दिसत नाही, हे मला फार लागलं.

त्यातून आला तो कॅमेरा. कृष्णधवल व्हिडिओ कॅमेरा, मुळात गोडाऊनच्या राखणीचा, म्हणजे काळोखात चोर ओळखणारा. दुर्बिणीला जिथे डोळा लावतात तिथे हा बसवायचा आणि वायर टीव्हीला जोडायची. रंगीत कॅमेरा रंग ओळखण्याच्या नादात निम्म्याहून जास्त उजेड गाळून टाकतो. हा बिचारा रंगांच्या भानगडीतच पडत नाही, येईल तो उजेड पदरात घेतो. काही सेकंदांचा उजेड साठवतो, मग चित्र टाकतो. त्यामुळे डोळ्याला नुसता धूसर ठिपका वाटणारी दीर्घिका टीव्हीवर आकार घेऊन दिसते, तीही त्याच क्षणी. आणि टीव्ही कुठेही ठेवता येतो, अगदी जमिनीवरसुद्धा. मामाजींची नजर जिथे पडते तिथेच आकाश आणून ठेवायचं, इतका सरळ बेत होता.

धरमपेठच्या गच्चीवर करून पाहिलं तर टीव्हीवर दूध सांडलं. शहराचा सगळा उजेड कॅमेऱ्याने इमानदारीने गोळा केला होता. बायको, वैशाली, म्हणाली, "काकाजीच्या गावाले चला. तिथं अंधारच अंधार आहे." मामाजींचे धाकटे भाऊ, काकाजी, पारशिवनीच्या पुढे एका लहानशा गावात कापूस-तूर करतात. लग्नानंतर मी त्या गावी गेलोच नव्हतो. वैशालीने फोन केला, "हे व्हिडिओ कॅमेरा घेऊन येऊन राहिले, रात्री शूटिंग आहे." एवढंच सांगितलं. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ या वाक्यात आहे.

नोव्हेंबरची अमावास्या गाठून दुपारी निघालो. जाणार असाल तर अमावास्येच्या आसपासच जा, चंद्र असला की सगळं मुसळ केरात. निघण्याआधी तर्री-पोहे खाल्ले. तीस-चाळीस रुपयांत पोट भरतं आणि तर्रीने कानही उघडतात. सावनेरपर्यंत रस्ता गुळगुळीत आहे. तिथे मामाजींना घेतलं. मामीजी गुडघ्यांमुळे येणार नव्हत्या, पण त्यांनी चिवड्याचा डबा, दोन रजया आणि "त्याइले थंडी नका लागू देऊ" अशी ताकीद दिली. रजया टीव्हीला गुंडाळल्या. मामाजींनी शेजारच्या टीव्हीकडे तिरप्या नजरेने पाहिलं.

"हा काहून येऊन राहिला?"

"यात तुम्हाला आकाश दाखवायचं आहे, मामाजी."

"सावनेरातबी टीव्ही आहे ना गा आमच्या घरी."

मी गाडी चालू केली. खापा गावानंतर रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांच्या ओट्या भरलेल्या. समोरून कापसाची गाडी आली की आपण निमूट खाली उतरायचं, तिथे हॉर्नचा उपयोग नाही. पारशिवनीत चहा घेतला, तिथून पुढे डांबर आणि खड्डे यांचं भागीदारीत चालतं. दिवस मावळला. आकाश जांभळं होऊन मग काळं पडत गेलं आणि एका वळणावर मी गाडी थांबवून पाहिलं तर अहाहा! डोक्यावर नुसत्या चांदण्या. मी वैशालीला म्हटलं, झालं, जिंकलो.

पुढच्या वळणावर गाव दिसलं. म्हणजे गाव कसलं, एकच घर दिसलं, दिवसासारखं लख्ख. अंगणाच्या चारी कोपऱ्यांना बांबू, बांबूंवर हॅलोजन, आणि माझ्या स्वागताला आंब्याच्या झाडावर झगमगत्या लाइटच्या माळा.

काकाजी नवा सफारी घालून दारात उभे होते. त्यांच्या आयुष्यात आलेला प्रत्येक व्हिडिओ कॅमेरा लग्नात आला होता आणि त्याच्यासोबत लाइट धरणारा माणूस आला होता. व्हिडिओ म्हटलं की लाइट. त्यातून शूटिंग करणारा साक्षात जावई. त्यांनी पारशिवनीहून डेकोरेशनवाला बोलावला होता. घरातल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून ओळीने बसल्या होत्या.

"लाइट कमी तर नाही ना पडत, जावईबापू?" काकाजींनी विचारलं.

"काकाजी, लाइट नकोच होते हो."

ही माझी पहिली चूक. जावयाने "नको" म्हटलं की तो भिडेपोटी बोलतो, हे तिकडे लहान लेकरालाही माहीत असतं. काकाजी हसले आणि पाचवा हॅलोजन लावून आले.

"खरंच नको. माझ्या कॅमेऱ्याला अंधार लागतो."

 काकीजींनी हळूच वैशालीला विचारलं, "काय झालं वं? नाराज आहेत का पाव्हणे?" मी समजावू लागलो की आम्हाला आकाशाचं शूटिंग करायचं आहे, माणसांचं नाही. ओळीने बसलेल्या साड्यांमध्ये चुळबुळ झाली. वर कॅमेरा कृष्णधवल आहे हेही मी बोलून गेलो.

"बाप्पा! म्हंजे माही हिरवी पैठणी काळी दिसन?" काकीजी म्हणाल्या.

माझा चेहरा पाहून काकाजींची खात्री पटली की जावई बिघडला. लगेच पाट आला, टॉवेल-टोपी आली, शर्टपीस आला, नारळ आला. मी प्रत्येक वस्तू घेत होतो आणि "लाइट तेवढे" म्हणत होतो, आणि प्रत्येक "लाइट"ला कुणीतरी शेजारून आणखी एक बल्ब आणत होतं. मामाजी खुर्चीत बसून माझ्या चपलांकडे पाहत होते. त्यांनी काही मागितलं नाही, पण वाटभर त्यांनी एकदाच विचारलं होतं, "आपल्या गावावरचं आभाळ दिसन का जी त्याच्यात?" तेच मला कुरतडत होतं.

वैशाली माझ्या कानाशी आली. "अहो, सरळ सांगून नाही ऐकणार हे. रुसा."

"काय?"

"लग्नात तुम्ही रुसलेच नाही. सगळे जावई रुसले, कुणाले घड्याळ भेटलं, कुणाले सायकल. तुमचं रुसणं बाकी आहे. बसा."

चष्मे विकणारा, केस पांढरे झालेला माणूस मी. पण बसलो. समोर पुरणपोळी, तुपाची वाटी, पाटोडीचा रस्सा. ताट दूर सरकवलं, तोंड भिंतीकडे केलं आणि हाताची घडी घातली. पाटोडीचा वास नाकात जात होता. अंगणभर कुजबुज पसरली, "जावई रुसले, जावई रुसले." विचित्र सांगतो, सगळ्यांचे चेहरे उजळले. आता कुठे जावई कळेल अशी भाषा बोलत होता.

काकाजी हात जोडून पुढे आले. "बोला. काय पाहिजे? मोटारसायकल सोडून बोला, कापूस अजून इकला नाही, घरातच आहे."

"अंधार," मी भिंतीला म्हणालो.

"काय?"

"अंधार पाहिजे. त्याशिवाय जेवणार नाही."

काकाजींनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा हॅलोजनकडे. मग ते वळले आणि ओरडले, "अरे, पाव्हण्यानं अंधार मांगला! विझवा रे सारं!"

इतका वेळ विनंती करून जे झालं नव्हतं ते चुटकीसरशी झालं. हॅलोजन गेले, माळा गेल्या. काकाजींना मान राखायचा तर पुरा राखायचा होता. ते गल्लीत गेले. "जावई रुसले, लाइट बंद करा" असं दारोदार सांगत सुटले. घरं एकेक करून विझत गेली, कुणाची मालिका ऐन रंगात असताना विझली. खांबावरच्या दिव्यावर बांबूने कापसाचं रिकामं पोतं चढवलं. मग त्यांचा आवाज आला, "अजून पाहिजे का?" मी म्हटलं, पुरे. आणि अंधारात चाचपडत तीन पुरणपोळ्या खाल्ल्या.

दुर्बीण मांडली, ध्रुवाशी जुळवली, कॅमेरा बसवला. घरातल्या बोर्डावरून वायर ओढली. टीव्ही मामाजींच्या पायांपाशी, त्याच पाटावर ठेवला. शर्मिष्ठेच्या तारकांवरून सरकत देवयानीपाशी आलो. पडद्यावर आधी मुंग्या, मग एक फिकट डाग, मग तो पसरत लांबट झाला, मध्ये दाट, कडेला विरळ. सगळी गल्ली रजया पांघरून आमच्या अंगणात जमली होती.

"मामाजी, ही देवयानी दीर्घिका. आत्ता आपल्या डोक्यावर आहे. लाइव्ह."

मामाजींनी बराच वेळ पाहिलं. "हे तर फोटू आहे."

"नाही हो, लाइव्ह."

"मंग हालून काहून नाही राहिलं? क्रिकेटची म्याच लाइव्ह असते, ते हालते."

गल्लीने माना डोलावल्या. मी दुर्बिणीच्या तोंडावर हात धरला, चित्र काळं झालं. "तुमी बटन दाबलं," मामाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हाताऱ्याचं मन राखायला जावयाने एखादी कॅसेट लावली असेल, आणि आता आपण जावयाचं मन राखावं, असं त्यात होतं. "चांगलं आहे पण. लय चांगलं आहे." मला रडू यायचं बाकी राहिलं. एवढी खटपट करून मी त्यांना एक फोटोच दाखवला होता म्हणायचा.

तेवढ्यात चुलीपाशी वडे तळणाऱ्या काकीजींना कढई दिसेना म्हणून त्यांनी सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं. कोपऱ्यातला हॅलोजन भडकला. पडदा दुधासारखा पांढरा झाला, देवयानी नाहीशी झाली. "विझव वं!" काकाजी ओरडले. उजेड गेला. आणि काळ्या पडद्यावर ती पुन्हा हळूहळू उमटू लागली, आधी मधला दाणा, मग त्याच्याभोवतीचं धुकं.

मामाजी खुर्चीत पुढे सरकले. "पुन्हा लाव वं लाइट."

लागला. गेली. विझला. आली.

"पुन्हा."

असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. चुलीवर वडे करपले. गल्ली प्रत्येक वेळी "गेली!" आणि "आली!" ओरडत होती. बटण काकीजींचं, आकाश वरचं, त्यात जावयाचा हात कुठेच नव्हता, तेव्हा मामाजींची खात्री पटली. मग त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"हा तर आपला कापूस आहे, गा," ते भावाला म्हणाले. "वावरातल्या माळ्यावर राखणीले झोपत होतो तवा दिसे. तू म्हणे, कुणाच्या तरी ओटीतला कापूस आभायाले चिकटला."

काकाजींनी आधी वर पाहिलं, मग टीव्हीत पाहिलं, मग पुन्हा वर. "हव, दादा. तोच आहे. तिथंच आहे अजून."

मामाजींनी वाकून पडद्यावर तळहात ठेवला. "मले वाटलं, मी नाही पाहून राहिलो तर तेबी गेलं असन." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी सरळ टीव्हीवर पडत होतं, कारण त्यांचं सगळं सरळ खालीच पडतं. मी फडकं शोधायच्या निमित्ताने गाडीपाशी गेलो आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

सकाळी निघालो तेव्हा डिकीत टीव्हीसोबत भाकरीचं गाठोडं, शर्टपीस आणि तुरीच्या शेंगांचं पोतं होतं. तुम्ही जाणार असाल तर एक्स्टेंशन बोर्ड, स्वेटर आणि रजई न्या. ओळखीचं घर असेल तर आधी फोन करून साफ सांगा की लाइट नको. ऐकणार नाहीत, पण सांगा.

धरमपेठेत परत आल्यावर टीव्ही माळ्यावर गेला, कॅमेरा डब्यात गेला. गल्लीतल्या दिव्यांखाली उभं राहून वर पाहायचं म्हटलं की आता माझी नजर आधी खाली, चपलांकडे जाते. पूर्वी मी आकाश पाहायचो. आता ते कुणाला दिसत नसेल, हे आधी मनात येतं.

परवा संध्याकाळी सावनेरहून मामीजींचा फोन आला. वैशालीने स्पीकर लावला.

"तुहे बाबा गच्चीवर बसले आहेत. पुढ्यात परात भरून पाणी ठेवलं. त्यात तारे पाहून राहिले म्हणते."

"दिसतात का वं?" वैशालीने विचारलं.

"मोठे मोठे दिसते. पण कापूस नाही येत म्हणते परातीत. आता रुसून बसले, खाली उतरून नाही राहिले. ताट झाकून ठेवलं मी."

"काय पाहिजे म्हणतात?"

मामीजींनी जिन्यातून वर विचारल्याचं ऐकू आलं. उत्तर आम्हालाही ऐकू आलं.

"त्याइले सांग, अंधार."

मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून टीव्ही काढायला चढलो.