खिळ्यावरचा फोन

भुताखेताचं मला कधी खरं वाटलं नाही. देवाला हात जोडते, पण अंगात येणं, सावल्या दिसणं यातलं काही मानत नाही. दिवसभराच्या कामानं माणूस इतकं गळून जातं, की भ्यायलाही जोर उरत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत बोलायची सवय नाही, म्हणून हे लिहून ठेवते...

आमचं गाव सेलू तालुक्यात, वालूरपासून आत. घरात रेंज कुठंच यायची नाही. फक्त गोठ्याच्या भिंतीला एका जागी यायची. तिथं खिळा ठोकून पिशवीत फोन अडकवलेला असायचा. हातात घेतला की कट. म्हणून आम्ही फोन कानाला लावायचो नाही, कान फोनाला लावायचो.

गेल्या हंगामात माझी लेक मंगल जावयासोबत कोल्हापूरकडं ऊसतोडीला होती. दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण मुकादम सोडेना. मी रोज खिळ्यापाशी ताटकळायची. लागलाच फोन तर "हॅलो... हॅलो..." मध्येच संपायचा.

अशात एका दुपारी परभणीहून सर्व्हेवाली पोरगी आली. हातात एक पाटी, तिच्यावर वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन बसवलेले. घरोघर रेंज मोजायची आणि लोकांना अनुभव विचारायचा, हे तिचं काम.

"काकू, फोन नीट लागतो का?"

"लागतो की."

"मध्येच कट होतो?"

"न्हाई."

"आवाज कसा येतो? पाचपैकी किती देता?"

"द्या पाच."

मला भीती वाटली... वाईट सांगितलं आणि आहे तीही रेंज काढून नेली तर? लाइट असो, रेशन असो, विचारायला आलेल्या माणसाला आमच्याकडं चांगलंच सांगतात.

थोरल्या जाऊबाई तिथंच गोवऱ्या थापत होत्या. त्या उसळल्या. "पाच? अगं, लेकीच्या एका शब्दासाठी पालीवानी भिंतीला चिकटून राहायलीस, अन् पाच? मला तर वाटायलंय, पोरगी तू भिंतीलाच दिलीस."

सर्व्हेवाली हसली. "काकू, खरं सांगा. आत्ता तर टॉवरच बंद आहे. सकाळपासून लाइट नाही." तिनं पाटी माझ्यासमोर धरली. सगळ्या फोनांवर रेंजच्या जागी फुली.

मी मान खाली घातली. तेवढ्यात खिळ्यावरचा फोन वाजला. मी धावले, पिशवीतूनच बटण दाबलं आणि कान लावला.

"माय, कळा यायल्यात. पाणी जायलंय. मुकादम म्हणतो, गाडी भरू दे, मंग जाऊ."

आवाज इतका स्वच्छ... चुलीपुढं बसून बोलावं तसा.

"गाडी राहू दे," मी म्हणाले. "पाणी गेल्यावर थांबायचं नसतं, बाई. माय म्हणाली म्हणून सांग. आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ."

"बरं, माय."

मागं वळले तर दोघी माझ्याकडं बघत होत्या.

"कुणाशी बोलायलीस गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"मंगलचा फोन वाजला न्हवं का!"

"कुठं वाजला?"

सर्व्हेवालीनं पिशवीतून माझा फोन काढून पाहिला. त्याच्यावरही फुली. आलेल्या फोनांत शेवटचा कालचाच होता. "काकू, तुम्ही दमलात," ती हळूच म्हणाली. मलाही ते पटलं. दमले तर होतेच. मी तिला पाणी दिलं, ती पुढच्या घरी गेली. पण माझा जीव ठिकाणावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी टॉवर सुरू झाला आणि जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती, पोट फाडून. नाळ गळ्याभोवती होती. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले होते. दोघी सुखरूप होत्या. मी तिथंच गोठ्यात बसून रडले.

हंगाम संपून ऊसतोडीची टोळी सुटल्यावर मंगल बाळाला घेऊन आली. जेवताना मी सहज म्हणाले, "बरं झालं बाई, तू त्या दिवशी फोन केलास."

"मी कुठं केला? तूच केला व्हतास की. 'गाडी राहू दे' म्हणालीस, म्हणून तर मी मुकादमाचं ऐकलं न्हाई."

जावई ताटावरून वर बघू लागले. "फोन तर माझ्या खिशात व्हता, मामी. फडात ही एकटीच बोलायली व्हती. मला वाटलं, कळांनी बडबडायलीय."

"मंग मी कानाला काय लावलं व्हतं?" मंगल म्हणाली.

बाळ रडायला लागलं, तिनं त्याला पदराखाली घेतलं, आणि तो विषय तिथंच राहिला.

आता पुन्हा हंगाम आलाय. मंगल लेकराला घेऊन गेलीय. गावाजवळ नवा टॉवर झालाय, घरात कुठंही बसून बोलता येतं. फोन लागतो, कट होत नाही. ती "बरी हाय" म्हणते, मी "बरं" म्हणते, आणि दोघी गप्प बसतो. त्या दुपारी काय झालं, हे मला अजून उमगलेलं नाही. पण लेकीचा आवाज तेवढा स्वच्छ पुन्हा कधी आला नाही.