अर्ध्या भाकरीचा नियम

अमरावतीत माझा नाचाचा क्लास एका पिठाच्या चक्कीच्या वर होता. शाळांची गॅदरिंग, लग्नाआधीचं नाचगाणं, पंधरा ऑगस्ट, असल्या कामांवर माझं चालायचं. मी तापट बाई. एखादीचा हात चुकला की गाणंच बंद करायचे आणि सगळ्यांना पहिल्यापासून नाचायला लावायचे. पोरी माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानही होता.

कपाशीवर बोंडअळी आली, त्याचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. खेड्यांतून शिकायला आलेल्या मुली एकेक करून गावी परत जात होत्या. माझ्या क्लासात सात उरल्या. त्या सातजणींनी एके दिवशी मला फोनवर कोरियातल्या मुलींचा नाच दाखवला. पाचजणी होत्या, पण पाचांची मान एकाच क्षणी वळायची. मी तो तुकडा वीसेक वेळा तरी पाहिला असेल. "हे कसं करतात गं?" मी विचारलं, आणि पोरींना तेवढंच हवं होतं.

त्यांनी मला सगळं सांगितलं. तिथल्या कंपन्या बारा-तेरा वर्षांच्या पोरी निवडतात. मग वर्षानुवर्षं शिकवतात, नाच, गाणं, परकी भाषा, बोलणं, हसणंसुद्धा. सगळ्या एका घरात राहतात, फोन काढून घेतात, दर महिन्याला परीक्षा. वजन मोजतात. मग त्यातल्या काही निवडून गट बांधतात. एक चांगली गाणारी, एक चांगली नाचणारी, एक दिसायला देखणी, एक सगळ्यांना सांभाळून घेणारी. पाच-सहा वर्षं घासलेल्या एखादीला अगदी शेवटी घरीही पाठवतात. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, बघा, याला म्हणतात शिस्त.

अकोल्याला दिवाळीनंतर नाचाची मोठी स्पर्धा होती. मी सातजणींतून पाच निवडल्या. वगळलेल्या दोघी रडल्या, पण मी ऐकलं नाही. भिंतीवर कागद लावला. उशीर नाही, फोन नाही, तळलेलं नाही, आणि जेवण निम्मं. दर शनिवारी परीक्षा, आणि परीक्षेआधी वजन. वजन उतरलं की त्याचेही गुण. ज्या पोरीचे गुण जास्त ती पुढल्या आठवड्यात मधे उभी राहणार.

वजनाला काटा कुठून आणायचा? चक्कीवर होता की. ज्वारीच्या पोत्यांसाठीचा तो लोखंडी काटा चक्कीवाले चाचा दर शनिवारी मला दहा मिनिटं मोकळा करून द्यायचे. दळण घेऊन आलेल्या बाया डबे खाली ठेवून तमाशा बघायच्या. चाचांना ते पहिल्यापासून आवडलं नव्हतं.

"मॅडम, पोरी हायेत का जवारीचे पोते?" ते म्हणायचे. "हर शनवारी काहून तोलून राहिल्या?"

"चाचा, तुमचं तुम्ही दळा," मी म्हणायचे.

पाचांतली एक नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातली होती. अकरावीत, अमरावतीत खोली करून राहायची. तिचा डबा रोज सकाळच्या एसटीने गावाहून यायचा. आमच्याकडे शिकणाऱ्या कितीतरी पोरांचे डबे असेच येतात, कंडक्टरच्या पायाशी पिशव्यांची रांग असते, आणि पोरं स्टँडवर जाऊन आपापली पिशवी उचलतात. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जातो. ही पोरगी कॉलेजानंतर डबा घेऊन थेट क्लासात यायची आणि सराव झाला की कोपऱ्यात बसून जेवायची. दोन भाकरी, बेसन, कधी मिरचीचा ठेचा.

कागद लावला त्या दिवसापासून ती एकच भाकर खायला लागली. पुढे पुढे अर्धीच. बाकीची फडक्यात नीट गुंडाळून डब्यात परत ठेवायची. बाकीच्या चौघी माझ्यासमोर नियम पाळायच्या आणि खाली उतरून समोसे खायच्या, हे मला माहीत होतं. म्हणून ही मला फारच आवडायची.

एकदा मी तिला विचारलं, "उरलेलं परत कशाला पाठवतेस? कुणाला देऊन टाक."

"रिकामा डबा वापस पाठवू नये म्हनते माय," ती म्हणाली.

ते मला पटलं. माझी आईसुद्धा शेजारणीचं भांडं परत देताना त्यात चिमूटभर साखर टाकायची. मी पुढे काही विचारलं नाही.

काट्यावर ती दर शनिवारी उतरत गेली, आणि मी दर शनिवारी तिला मधे उभी केली. तिचा नाच चांगला होता, पण सगळ्यांत चांगला नव्हता. मध्यावर ती वजनामुळे आली होती. "हिच्याकडून शिका," मी बाकीच्यांना म्हणायचे. "ही खरी कोरियात जायच्या लायकीची." तिचा चेहरा कोरा असायचा. मला वाटायचं, स्तुतीने हुरळून जात नाही, हासुद्धा गुणच.

एका शनिवारी चाचांनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, मी चाळीस साल झाले वजन पाहून राहिलो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "नाचनारी पोरगी अशी नाई उतरत. हे भुकेचं उतरनं हाये." मी म्हणाले, स्पर्धा आठ दिवसांवर आली आहे, मग बघू. त्या माणसाला नाचातलं काय कळतं, असंही मनात म्हणाले. हे लिहिताना मला स्वतःची चीड येते.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सकाळीच अकोल्याला पोचलो. हॉलच्या मागे पोरी वेण्या घालत होत्या, तेवढ्यात एक बाई पिशवी छातीशी धरून आत आली. त्या पोरीची आई. लेकीचा नाच बघायला म्हणून दोन गाड्या बदलून आली होती. तिने लेकीला नीट पाहिलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि मग माझ्याकडे आली.

"मॅडम तुमीच का?"

"हो."

"रोज दोन भाकरी धाडतो मी. दीड वापस येते. इचारलं त सांगते, मॅडमचा नियम हाये, कोरियाचा." तिचा आवाज चढला नव्हता, पण चौघी पोरी वेण्या सोडून बघत होत्या. "नाच शिकवा ना, कोन नाई म्हनते. पन वाढतं लेकरू हाये. असा कसा वो नियम तुमचा?"

ती पोरगी आईच्या मागे उभी होती. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत विनवणी आहे. मी समजले, मॅडम, चिडू नका, मला गटातून काढू नका, असं ती म्हणते आहे. आणि आईचं म्हणणं तर खरंच होतं. मान खाली घालून मी म्हणाले, "नियम माझाच आहे. माझं चुकलं."

"मंग मोडा तो."

"मोडला," मी म्हणाले. "आजपासून नाही." सगळ्यांसमोर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत चूक कबूल केली होती, आणि मला फार हलकं वाटलं.

आईने पिशवीतून डबा काढला. लेकीला समोर बसवून दोन्ही भाकरी खाऊ घातल्या, शेवटचा घास स्वतःच्या हाताने. "आता रोज अशा पुऱ्या खायच्या," ती म्हणाली. पोरगी खाली बघत खात होती. मला वाटलं, लाजते आहे.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. आई नांदगावच्या गाडीने गेली, आम्ही अमरावतीच्या. मूर्तिजापूर गेल्यावर बाकीच्या डुलक्या घेऊ लागल्या आणि ती पोरगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

"मॅडम, तुमी मायले काहून सांगतलं नियम मोडला म्हनून?"

"म्हणजे?"

"कपाशी बुडाली, बाबा कामाले बाहेरगावी गेला, तवापासून घरी ते तिघीच हायेत. माय आन् लहान्या दोघी. माय मले दोन धाडते आन् सोता पानी पिऊन निजते, म्हने माह्यं पोट भरलं. मी वापस पाठवो त माय ते खाये. कोरियाचा नियम हाये म्हनलं त तिले खरं वाटे." ती खिडकीबाहेर बघत होती. "आता मी काय सांगून वापस पाठवू?"

तिथल्या कंपन्या निदान आधी पोरींना घर देतात, ताट देतात, आणि मग मोजतात. मी त्यातलं फक्त मोजणं उचललं होतं. आणि ज्या एका कामासाठी तो नियम कुणाच्या तरी उपयोगी पडत होता, ते कामही मी चांगलं वागण्याच्या नादात बंद केलं होतं. मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, बस्स.

सोमवारी मी भिंतीवरचा कागद फाडला आणि काट्याचं कायमचं बंद झालं असं चाचांना सांगितलं. चाचांनी लगेच काट्यावर ज्वारीचं पोतं चढवलं. त्या दिवसापासून मी घरून दोन भाकऱ्या जास्त आणायला लागले. तिच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "आता नवा नियम. मधे उभी राहणारीने मॅडमच्या डब्यातलं खायचं. घरीही हेच सांगायचं."

पहिले दोन दिवस तिने त्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघता एक भाकर खाल्ली. दुसरी फडक्यात गुंडाळली, आपल्या डब्यात ठेवली, आणि संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून पळत जिना उतरली.