सोआवे आणि साडूचा रस्सा

अंड्याच्या गाड्यापासून उभ्या केलेल्या माझ्या लातूरच्या हॉटेलात मी घासाघीस करून इटलीची सोआवे आणली. ही पांढरी वाईन हलकी आणि आंबटसर असते; तिच्यासोबत कमी तिखटाचा मासा हवा. म्हणून विष्णुपुरी धरणातला रोहू मागवून नुसतं मीठ-लिंबू लावून तळायला सांगितला. चाखायला येणाऱ्या गुत्तेदाराला जोडी आवडली, तर त्याच्या मुलीच्या लग्नाच्या पार्टीचं काम मला मिळणार होतं.

स्वयंपाकघर साडूकडे होतं. त्याने मला न विचारता मासा काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडला. गुत्तेदाराने घास खाल्ला, वर घोट घेतला आणि तो ताटातच थुंकला.

"शेठ, ही दारू हाय का नासकं पाणी?"

मी आत जाऊन साडूच्या थोबाडीत मारली. त्याने झाऱ्याने माझी भुवई फोडली. मी गळा धरून त्याला भिंतीवर आपटलं, तरी तो ओरडतच होता, "साडूभाऊ, पाव्हण्याला आजाऱ्याचं जेवण वाढतेत का?"

दारात गुत्तेदार उभा होता. माझ्या रक्ताकडे न बघता त्याने साडूला विचारलं, "रस्सा उरलाय का?"

त्या लग्नाचा स्वयंपाक साडूनेच केला. मला आमंत्रण होतं. मी गेलो नाही.